एक डोळा मिटलेली राणी

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला एक खाच आहे. चाळीस वर्षं तिथं रेशीम अडकवलं, त्याची ती खूण. न्हाणीतल्या वजरीच्या दगडानं कितीही घासली तरी जात नाही. पटवेकऱ्याच्या घरचं माणूस ओळखायचं तर हात बघू नये, पाय बघावा, असं माझे वडील म्हणायचे.

आता सुईचं नेढं दिसत नाही म्हणून काम थांबवलं आहे. गोऱ्या राजाचं राज्यही थांबलं. चौकात झेंडा लावला त्या दिवशी शेजारणी बघायला गेल्या. मी घरात तपकिरीची डबी उघडून बसले होते. माझे राजे आणि राण्या त्या डबीत आहेत. त्यांना कुणी कुठं घालवून दिलेलं नाही.

हे लिहिणं चारचौघांत दाखवायचं नाही. वही डबीच्या खाली ठेवणार आहे. डबी ज्या बाईसाठी ठेवली आहे तिला वाचता येतं की नाही, मला माहीत नाही. येत नसेल तर तिनं कुणाकडून तरी वाचून घ्यावी.

आमचं काम दागिने गाठवण्याचं. सोनार मणी करतो, वाट्या करतो, पुतळ्या करतो. पण ते सगळं गळ्यात घालण्यासारखं करतो तो पटवेकरी. रेशमाचे पदर पायाच्या अंगठ्याला अडकवायचे, मेण लावायचं, पीळ द्यायचा आणि एकेक मणी गाठ मारून बसवायचा. पुरुष पटवेकरी दुकानात बसून माळा, करदोडे, बाजूबंदाचे गोंडे करतात. पण बाईच्या गळ्यातलं डोरलं उतरवून पुन्हा बांधायचं तर बाईच लागते. गळा क्षणभरही रिकामा ठेवायचा नसतो. आधी हळकुंड बांधलेला दोरा गळ्यात घालायचा, मग जुनी पोत काढायची. नवी पोत झाली की बाईला पूर्वेकडं तोंड करून बसवायचं आणि शेवटची गाठ तिच्या मानेवरच मारायची. ती गाठ आधी मारून ठेवत नाहीत.

आई लवकर गेली म्हणून वडिलांनी हे काम मला शिकवलं. मराठी चौथी झाले आणि शाळा सुटली. पुढं लग्न झालं. तीन वर्षांनी मालक मागावर काम मिळालं म्हणून बेळगावला गेले आणि खासबागेत दुसरं घर करून राहिले. मी निपाणीला वडिलांकडं परत आले. गळ्यात डोरलं होतं, कपाळाला कुंकू होतं, त्यामुळं माझ्या हातून पोत गाठवून घ्यायला बायकांची हरकत नव्हती. नथ मात्र मी पेटीत ठेवली ती ठेवलीच.

मला बोलणं जमत नाही. बाजारात बसायचे ती मान खाली घालून. गिऱ्हाइकं मला पावलांवरून आणि मानेवरून ओळखू यायची, तोंडावरून नाही. माझं स्वतःचं तोंडसुद्धा मी फणेरपेटीच्या आरशात कपाळापुरतंच बघत होते. आरसा तडकलेला होता आणि कुंकवाला तेवढा पुरायचा.

बाजाराच्या दिवशी माझ्या समोर, दोन हातांवर, दत्तूआप्पा बसायचे. ते भांड्यांवर नावं घालायचे. लग्नाची घागर असो की म्हाताऱ्याच्या नावानं देवळात द्यायची समई, बारीक छिन्नी आणि हातोडी घेऊन टिकटिक टिकटिक करत अक्षरं उमटवायचे. काम नसलं की हात स्वस्थ बसायचे नाहीत. झिजलेला एखादा पैसा किंवा रुपया घ्यायचा आणि त्यावरच्या राजाची किंवा राणीची चेष्टा करायची, हा त्यांचा छंद. राणीच्या नाकात नथ घालायची. मिशीवाल्या राजाच्या कपाळाला मुंडावळ्या बांधून त्याला नवरदेव करायचं. बोडक्या राजाला पागोटं घालून हातात चिलीम द्यायची.

"सरकारच्या तोंडाला छिन्नी लावताय आप्पा, आत घालतील," शेजारचा बांगडीवाला म्हणायचा.

"घालू देत की. आतल्या भांड्यांवर तरी नावं कोण घालतंय?"

एकदा खरंच एक हवालदार येऊन उभा राहिला. मला फक्त त्याच्या वहाणा दिसत होत्या. त्यानं नवरदेव झालेला राजा उचलला, बराच वेळ बघितला. बांगडीवाल्यानं आपली टोपली मागं ओढली. मग तो हळूच म्हणाला, "मिशीचं टोक जरा वर पाहिजे. माझ्यागत." आप्पांनी वर करून दिलं.

असली नाणी दुकानात चालत नाहीत. मला ती हवीहवीशी वाटायची. का, ते सांगता येणार नाही. मला कुणाची चेष्टा करता येत नव्हती, म्हणून असेल. आप्पांना मी करदोडा वळून द्यायचे, ते मला एखादी राणी द्यायचे. बायकाही आपल्या घरात अडकलेली असली नाणी माझ्याकडं आणून टाकायच्या आणि त्याबदली पोतीला गोंडा लावून घ्यायच्या. दात पडलेली राणी, चष्मेवाला राजा, पदर घेतलेली राणी. वडिलांची तपकिरीची मोठी पत्र्याची डबी होती, तिच्यात मी ती ठेवू लागले.

पण आप्पांच्या हातात एक गोष्ट होती, ती सगळ्यांना आवडायची नाही. त्यांचे राजे कुणासारखे तरी दिसायचे. एका किराणेवाल्याला त्यांनी पागोटेवाला राजा गमतीनं दिला. आठ दिवसांनी तो परत घेऊन आला. हसत नव्हता.

"हे ठेव बाबा तुझ्याजवळ," म्हणाला. "गल्ल्यात हात घातला की माझंच तोंड माझ्याकडं बघतंय."

तो राजाही डबीत आला.

डबीतला एक रुपया आप्पांच्या हातचा नाही. एक बाळंतीण सोळा रुपयांची माळ घेऊन आली होती. पावलं सुजलेली होती. माळ हातात घेतली तर सगळ्या राण्यांचे डोळे सुईनं खरवडून काढलेले. मी काही विचारलं नाही, तीच म्हणाली, "पोराला पाजाय बसलं की समद्या बघत्यात."

मी पंधरा ओवून झाल्यावर तिनं माझा हात धरला.

"सोळावी नगं. ही तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे. हिचा डोळा म्या तीनदा खरवडला, आक्का. परत येतोय."

मी रुपया उलटसुलट करून बघितला. डोळ्याच्या जागी नुसते ओरखडे होते. तरी डबीत मी तो पालथा ठेवते. आजही.

आता सवतीच्या टाकाचं सांगते. देव्हाऱ्यात चांदीच्या पत्र्यावर देवाची किंवा वाडवडिलांची मूर्ती उठवून ठेवतात, त्याला टाक म्हणतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पहिली बायको वारली आणि माणसानं दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा एक छोटा टाक बांधतात. सणाला नवं लुगडं आधी त्या टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. हळदकुंकू आधी तिला, मग आपल्याला. मेलेलीचा मान राहिला की ती जितीला त्रास देत नाही.

हे टाक गाठवण्याचे आमच्या घरचे नियम होते. टाक तयार झाला की त्याच्या तोंडाला ओली हळद फासायची. गाठवणारणीनं त्या तोंडाकडं बघायचं नाही आणि त्या तोंडानं गाठवणारणीला बघायचं नाही. मान फिरवून, नुसत्या बोटांनी ओवायचा. आणि बांधताना टाकाचं तोंड आत, छातीकडं करायचं. बाहेर असलं तर ती घरातल्या माणसांकडं बघत राहते, असं म्हणतात. मी आयुष्यात पंचवीसतीस टाक बांधले असतील. एकाही बाईचं तोंड बघितलं नाही.

निपाणीपासून तासाभराच्या वाटेवर तंबाखू लावणारं एक घर होतं. त्या घरातली सून पारू सातव्या महिन्यात पोटातल्या मुलासकट गेली. वर्षानं त्यांनी जांबोटीकडची मुलगी केली. तिचं नाव गंगू. लग्नात टाक बांधायचं राहून गेलं. दोन महिन्यांत मुलगी वाळली. कुणीतरी गळा आवळतंय म्हणून ओरडायची. मग सासूनं पारूच्याच माळेतला कडी असलेला एक राणीछाप रुपया काढला आणि मुलाला बाजारात पाठवलं. त्याचाच टाक करायचा, म्हणजे पारूची वस्तू पारूला पोचेल. तो माणूस माझ्यासमोरच दत्तूआप्पांना म्हणाला, "नथ घाला, कुंकू ठळक काढा, हनुवटीवर तीन टिपके. देवीवाणी दिसू दे."

आप्पांनी दुसऱ्या बाजाराला टाक केला, हळद फासली आणि पानात गुंडाळून माझ्याकडं दिला. जाता जाता आणखी एक रुपया माझ्या पुढ्यात टाकला. त्यालाही कडी होती.

"ही तुझ्या डबीला," म्हणाले. "लई दिस माझ्या पेटीत पडून हाय. माझ्याच्यानं आता बघवत न्हाय."

मी एकदाच बघितलं. नथ घातलेली राणी एक डोळा मिटून हसत होती. मी ती कमरेच्या चंचीत टाकली. पानातला टाकही त्याच चंचीत होता, आणि हळदीची पुडीही.

वाटेत श्रावणाची झड लागली. चंची भिजली, पान सुटलं, हळदीचा चिखल झाला. त्या घरी पोचून हात घातला तर बोटांना दोन रुपये लागले. दोन्ही कडीचे, दोन्ही हळदीनं भरलेले. बघायचं तर नव्हतं. पानाला चिकटून होता तो टाक, असं धरून मी तो ओढला.

गंगू पूर्वेकडं तोंड करून बसली. मान काडीसारखी, मानेवर तिच्याच नखांचे ओरखडे.

"आक्का, ती बोलती का?" तिनं विचारलं.

"कोण?"

"टाकातली."

"न्हाय गं."

"मग चालंल."

मी मान फिरवली, तोंड आत केलं आणि गाठ मारली. घरी येऊन दुसरा रुपया न बघताच डबीत टाकला.

त्यानंतर घरात हळदीचा वास यायला लागला. डबीच्या आसपास जास्त. त्यात काही नवल नव्हतं, रुपया हळदीचा होता. पण दुसरी एक गोष्ट होऊ लागली. दिवेलागणीला मी काम आवरून, अंगठ्याचं रेशीम सोडून बसायचे. आणि अंगठ्याला ओढ बसायची. दोरा नसताना. कुणीतरी समोर बसून दुसरं टोक हातात धरावं आणि मला हलकेच बोलवावं, तशी. वर बघायचा धीर होत नव्हता. पाय लुगड्याखाली घेऊन बसायचे.

दिवाळीला मी डबीतली नाणी चिंचेनं घासायला काढली. तो रुपया धुतला. हळद गेली आणि शांत तोंड वर आलं. नाकात नथ, कपाळाला ठळक कुंकू, हनुवटीवर तीन टिपके. दोन्ही डोळे उघडे.

मी तो पुन्हा पाण्यात बुडवून बघितला. टाक माझ्याकडं होता. गंगूच्या गळ्यात मी चेष्टेचा रुपया बांधून आले होते.

त्या तोंडाकडं मी बघत राहिले. पारूला मी कधीच पाहिलं नव्हतं. तरी तोंड कुठंतरी पाहिल्यासारखं वाटत होतं, आणि ती ओळख मला जास्त भिववत होती.

चार दिवसांत कळलं, गंगूला दिवस गेले आहेत. तब्येतही सुधारली आहे. मला आनंद होईना. पारू सातव्यात गेली होती. तिचा मान कुणी ठेवत नव्हतं, ते माझ्या चुकीनं. सातव्या महिन्यात तिनं या मुलीला ओढून नेलं तर? जाऊन सांगावं तर गंगू भीतीनंच जाईल. आणि टाक चुकवणाऱ्या बाईपुढं पुन्हा कोण गळा धरणार? मी दोन्हीला भ्याले. दुसऱ्याला कमी भ्याले असं लिहिलं तर ते खोटं होईल.

मी एक केलं. टाक डबीतून काढून फणेरपेटीत ठेवला आणि रोज सकाळी त्याला हळदकुंकू लावू लागले. आधी त्या कपाळाला, मग त्याच बोटानं माझ्या. "गंगूच्या वाटचं मी करते, बाई," असं मनात म्हणायचे. संक्रांतीला नवं लुगडं घेतलं तेही आधी तिला लावलं. अंगठ्याची ओढ थांबली. शेजारची म्हातारी म्हणाली, "तुझं तोंड उजाळलंय गं अलीकडं." मी ऐकून सोडून दिलं.

शिमग्याच्या आधी त्या घरचं बोलावणं आलं. गंगूला सातवा लागला होता, ओटी भरायची होती, त्यासाठी पोत नवी हवी होती. मी टाक पानात बांधून घेतला. ठरवलं होतं की हळदीच्या हातानं अदलाबदल करायची. कुणाला काही कळणार नाही.

गंगू ओळखू येत नव्हती. मान भरली होती. तिच्या गळ्यात हळकुंडाचा दोरा बांधला, जुनी पोत काढली, रुपया सुटा केला. दोन्ही रुपयांना हळद फासून फडक्याखाली ठेवले. सासू चुलीकडं बसून सुपारी कातरत होती. मी मान फिरवून फडक्याखालचा टाक उचलायला हात घातला, तोच गंगूनं माझं मनगट धरलं.

"आक्का, माझी हसरी न्हिऊ नका."

माझ्या हातातलं रेशीम खाली पडलं.

"कोण गं हसरी?" सासूनं विचारलं.

"माझी सवत," गंगू म्हणाली. "न्हाताना तिला हातात घिऊन बघतो मी रोज. पयल्या दिशीच बघितलं, भ्या वाटलं म्हणून. ती एक डोळा झाकून हसत हुती. म्हटलं, ही गळा आवळणारी न्हवं. तुमी वरडला की मी आत जाऊन तिच्याकडं बघतो, आत्याबाई. ती म्हणती, जाऊ दे गं, म्हातारी तोंडानंच तेवढी वाईट हाय."

सासू उठली. अडकित्ता तसाच हातात. तिनं फडकं उचललं आणि दोन्ही रुपये तांब्यातल्या पाण्यात टाकले. आता सगळं संपलं, असं मला वाटलं. माझ्या पायाच्या अंगठ्याकडं बघत मी बसून राहिले.

तिनं एक रुपया वर काढला, पदरानं पुसला. मिटलेल्या डोळ्यावरून अंगठा फिरवला.

"मळणीत उजव्या डोळ्यात तंबाखूची भुकटी गेलती तिच्या," ती म्हणाली. "तवापास्नं उनात आली की डोळा झाकायची आणि हसायची. ही माझी पारू हाय. ही कुठं गावली तुम्हाला?"

मी खाली पडलेलं रेशीम गोळा करू लागले.

मग तिनं दुसरा रुपया काढला. दारातल्या उजेडाला धरला. रुपया बघितला आणि माझ्याकडं वळली.

"मान वर कर गं पटवेकरणी."

असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी मान वर केली. तिनं माझ्या डोक्यावरचा पदर मागं सारला. रुपयाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा रुपयाकडं. गंगूही बघत होती, आणि तिचं हसू गेलं होतं.

म्हातारीनं रुपया जमिनीवर ठेवला आणि फडक्याच्या टोकानं माझ्याकडं सरकवला. पुन्हा बोट लावलं नाही.

"न्हे हिला. जित्या बाईचा टाक घरात नगं."

मी तेव्हा बघितलं. नथ होती म्हणून इतके दिवस कळलं नव्हतं. नथ बोटानं झाकली आणि मला माझं तोंड दिसलं. चार महिने मी रोज सकाळी पारू म्हणून ज्या बाईच्या कपाळाला कुंकू लावत होते, ती मी होते.

पारूचा रुपया ओवून गंगूची पोत मी त्याच दिवशी गाठवली. गाठ बरोबर बसली. गंगू म्हणाली, "तोंड आतच करा हं आक्का, माझ्याकडं." शिमगा झाल्यावर दोन महिन्यांनी ती सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. सासूनं माझी चूक बाजारात कुणाला सांगितली नाही. मात्र नंतर त्या घरची पोत गाठवायला गेले की म्हातारी मला उंबऱ्याबाहेर बसवायची आणि काम होईतो माझ्याकडं बघायची नाही.

पुढच्या बाजाराला मी दत्तूआप्पांसमोर तो रुपया ठेवला. पंधरा वर्षं समोरासमोर बसून मी त्यांना विचारलेला तो पहिला प्रश्न असेल.

"हे काय केलंत, आप्पा?"

त्यांनी छिन्नी खाली ठेवली.

"पारूच्या घरी लग्नाच्या भांड्यांवर नावं घालाय गेलतो. दिसभर माझ्याजवळ बसून डोळा झाकून अक्षरं बघत हुती. जाताना माळेतला एक रुपया काढून दिला. म्हणाली, राणीला उठवा आणि तिथं मला बसवा. मी केला. द्यायला जायच्या आत ती गेली. मेलेल्या सुनंचं हसणारं तोंड त्यांच्या घरात कसं न्हिऊन देऊ? म्हणून तुझ्या डबीत टाकलं."

"आणि हा टाक?"

"तिचा नवरा म्हणला देवीवाणी काढ. पारू काय देवीवाणी न्हवती. मला दुसरं तोंड पाहिजे हुतं. हाताला काहीतरी समोर लागतं." त्यांनी छिन्नी उचलून पुन्हा खाली ठेवली. "तू समोर बसलीवतीस. तू कधी मान वर करत न्हाईस, म्हणून बघाय येतं."

"आणि हळद लावून बांधला असता तर? मेलेली म्हणून मी तिच्या गळ्यात राहिले असते."

"तुला कुठं कळलं असतं?" ते म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच बरं वाटलं नाही. "दे हिकडं. घासून सपाट करतो."

मी दिला नाही. कुंकू लावलेलं कपाळ कसं घासू द्यायचं? त्या दिवसानंतर आप्पांनी नाण्यांना हात लावला नाही. नुसती नावंच घालत राहिले. पाच वर्षांपूर्वी ते गेले. तोवर चांदीचे रुपयेही बाजारातून गेले होते. आताच्या हलक्या नाण्यावर कुणाचं तोंड नीट उठणार नाही.

या धंद्यात मी कितीजणींचे गळे बांधले, त्याचा मला अभिमान आहे. माझी गाठ सुटली असं कुणी म्हटलेलं नाही. पण एक वाटतं. ज्यांना मी मान फिरवून बांधलं, त्या पंचवीसतीसजणींची तोंडं बघायला हवी होती. त्यांत कुणाकुणाला दुसऱ्याच कुणाचं तोंड मिळालं असेल, आणि कोण कुणाच्या घरी मान घेत बसली असेल, ते आता कळायचा मार्ग नाही.

आता ज्या बाईसाठी हे लिहिलं तिला सांगते.

मी तुला बघितलेलं नाही. तू मालकांच्या घरात खासबागेत राहतेस एवढंच माहीत आहे. तुझ्यावर माझा राग होता, तो कधी गेला ते मला कळलं नाही. मी गेले की कुणीतरी खासबागेला पत्र टाकील. मग तिथली म्हातारी माणसं तुला टाक बांधायला लावतील. तो करायला कुणाला सांगू नकोस. तयार आहे. इतकी वर्षं मी रोज त्याला हळदकुंकू लावलं आहे, त्यामुळं तो उपाशी नाही. लाल रेशमात मीच ओवला आहे. शेवटची गाठ तेवढी सोडून ठेवली आहे, ती तुझ्या मानेवर कुणाकडून तरी मारून घे. बाकीच्या राजाराण्या तुला ठेव म्हणून देते. डोळे खरवडलेली आहे ती पालथी ठेव.

अलीकडं दिवेलागणीला अंगठ्याला पुन्हा ओढ बसते. आता मी पाय आखडून घेत नाही. 

एकच मागणं आहे. सवतीचा टाक तोंड आत करून बांधतात. माझा तसा बांधू नकोस. माझं तोंड बाहेरच्या बाजूला ठेव. तू बाजारात जाशील, पाण्याला जाशील, चार बायकांत बसशील, तेव्हा मला माणसांची तोंडं बघायची आहेत.